दोन जर्मन आणि एक बारा बोअर

मला जुन्या जर्मन पिस्तुलांचा नाद आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा आधी माझ्या कमरेकडे बघतो आणि मग विचारतो, "किती हायत?" दोन म्हटलं की हसतो. दोन नगांचा संग्रह करणारा माणूस हसण्यासारखाच असतो, त्याला काय करणार? तिकिटं जमवणाऱ्याकडे वह्या भरलेल्या असतात, नाणी जमवणाऱ्याकडे डबे असतात. माझ्याकडे दोन पिस्तुलं, त्यांच्यावरची सहा पुस्तकं, आत घालायला काही नसलेली तीन चामडी कव्हरं आणि परवान्याच्या इतक्या फायली की त्यांच्यासाठी वेगळं कपाट करावं लागलं. बायको त्या कपाटाला म्युझियम म्हणते. पाहुणे आले की उघडून दाखवतेसुद्धा.

घर आमचं काटेवाडीच्या पुढं, इंदापूरच्या वाटेला, मळ्यातच. दुकान बारामतीत, ठिबकच्या सामानाचं. दिवसभर नळ्या, तोट्या आणि फिल्टर विकायचे आणि घरी येऊन ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या लोखंडाला तेल लावायचं, असा माझा दिनक्रम. दोनांपैकी लहान पिस्तूल मी स्वतः घेतलेलं. बत्तीस बोअरचं, तळहातात मावणारं. पुण्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलं तेव्हा परवानगीच्या कागदांपायी दोन उन्हाळे गेले. पण ते चालतं. त्याची काडतुसं आपल्याकडे बनतात, आणि लोणी देवकरच्या पुढं माळावर एका निवृत्त सुभेदारांनी मुरमाचा उंच बांध घालून रीतसर रेंज काढली आहे, तिथं जाऊन मी महिन्या दोन महिन्यांनी कागदावर नेम धरतो. नेम बरा आहे. बरा म्हणजे कागद चुकत नाही.

मोठं पिस्तूल आबांचं. आबा म्हणजे माझे वडील. लांब नळी, चापाच्या पुढं गोळ्यांची चौकोनी पेटी, आणि ठेवायला लाकडी खोकं. तेच खोकं मागं जोडलं की खांद्याला लावायचा दस्ता होतो. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला आलेल्या एका पारशी इंजिनियरनं गाव सोडताना ते कायदेशीररीत्या आबांच्या नावावर करून दिलं होतं. इतकं देखणं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. त्याला एकच स्क्रू आहे, तोही मुठीच्या लाकडाला. बाकीचे सगळे भाग एकमेकांत अडकून बसतात. ज्या माणसानं हे डोक्यात उभं केलं असेल त्याच्या पाया पडावं असं मला वाटतं.

आणि हे यंत्र मी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत एकदाही चालवलेलं नव्हतं.

कारण आबा. आबांचे दोन नियम होते. "उघडायचं न्हाय. उघडलं की परत बसायचं न्हाय. आन चाप वढायचा न्हाय. त्याच्या गोळ्या मिळत न्हाईत आता." हे खरंच होतं. त्या मापाचं काडतूस आपल्याकडे बनत नाही आणि बाहेरून आणायचं म्हणजे माझा जन्म जाईल. इंजिनियरनं दिलेल्या पत्र्याच्या डब्यात अकरा काडतुसं उरली होती. मी एकदा, कॉलेजात असताना, आबांना विचारलं होतं की तुम्ही तरी हे कधी उडवलंय का. "एकदा," म्हणाले, आणि उठून गोठ्यात गेले. आबांना जास्त विचारायची सोय नव्हती. त्यांचा राग पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. जेवणात मीठ कमी पडलं तर ताट अंगणात जायचं. बैल तापला तर कासरा धरता येतो, आबांना धरायला काही नव्हतं, असं आमचे चुलते, आप्पा, अजूनही सकाळच्या चहाला आमच्याकडं आले की हसत सांगतात.

आबा गेले आणि मला वाटलं, आता पिस्तूल माझं. कसलं माझं! ते आधी पोलीस ठाण्यात जमा झालं आणि वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हायला साडेतीन वर्षं लागली. या टेबलावरून त्या टेबलावर. एका टेबलानं विचारलं, मयताचा मूळ परवाना कुठंय? तो तुमच्याच मागच्या टेबलावर आहे म्हटलं, तर म्हणे, तसं लेखी आणा. त्या दिवशी मी फाईल उचलून त्याच टेबलावर आपटली. कागद पंख्यानं उडाले आणि ते सगळे मलाच गोळा करावे लागले, क्रमवार. शिपाई फक्त एवढंच म्हणाला, "पान नंबर घालून आनायचं हुतं ना, मालक."

परवाना आला आणि निवडणुका सुरू झाल्या. परवान्याचं हत्यार असलेल्या माणसाला निवडणूक म्हणजे काय असतं, हे इतरांना कळायचं नाही. आचारसंहिता लागली की नोटीस येते आणि हत्यार ठाण्यात नेऊन द्यावं लागतं. लोकसभा, विधानसभा, झेडपी, ग्रामपंचायत. निकाल लागला, गुलाल धुतला गेला, सरपंचाचे फ्लेक्स उन्हानं फाटले, की मग आपलं हत्यार परत. माझ्या पिस्तुलानं माझ्यापेक्षा जास्त निवडणुका पाहिल्यात. दर वेळी ते खाकी कापडात बांधून, लाखेची मोहर लावून, चिठ्ठी अडकवून ठेवायचे, आणि दर वेळी घरी आणून मी आधी चिठ्ठीचा दोरा जिथं टेकला होता तिथला गंज काढायचो. हवालदार भला माणूस आहे. म्हणायचा, "तेल लावून ठिवलं आसतं, पन कुनाकुनाला लावू?" त्याच्याशी तरी भांडणार काय?

ठाण्यातून सुटलं की घरात पूजा. खंडेनवमीला आमच्याकडं कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्या लोखंडाची पूजा होते. आई पिस्तूल पाटावर ठेवून त्याच्यावर पाणी शिंपडायची, हळद-कुंकवाची पाच बोटं ओढायची, झेंडूचं फूल नेमकं पिस्तुलामागच्या घोड्याच्या खाचेत खोचायची. जर्मन कारागिरानं लोखंडावर चढवलेलं ते निळसर काळं पाणी, ज्यावर मी फुंकर घालायलाही घाबरतो, त्यावर ओलं कुंकू! दुसऱ्या दिवशी पुसलं तरी ठिपके राहायचे. आज त्या नळीवर पाच डाग कायमचे आहेत. मी दरवर्षी ओरडायचो आणि आई दरवर्षी म्हणायची, "लोखंडाला कुंकू लावलं की ते शांत ऱ्हातं." ज्या पिस्तुलाचा चाप मी ओढायचा नाही, आबांनी ओढायचा नाही, गोळी घालायची नाही, ते आणखी किती शांत राहायचं होतं!

मग कायदा बदलला. एका माणसाला आतापर्यंत तीन हत्यारं चालायची, आता दोनच. माझ्याकडं होती तीन: दोन जर्मन आणि उसातल्या रानडुकरांसाठी बारा बोअरची दुनळी. वर्षभरात एक हत्यार जमा करायचं, असं फर्मान. वडिलोपार्जित असलं तरी मोजणीत धरणार. दुनळी देता येत नव्हती. आमच्या भागात चार एकर ऊस एका रात्रीत लोळवणारी डुकरं आहेत. म्हणजे दोन जर्मनांपैकी एक. दोनाचा संग्रह एकाचा होणार. बायको म्हणाली, "अहो, एकाला म्युझियम न्हाय म्हनत. आता त्याला देव्हाऱ्यात ठिवा." मी जेवणावरून उठलो.

सगळे एकच सल्ला द्यायचे: ज्याची गोळी मिळते ते ठेवा, ज्याची मिळत नाही ते द्या. हिशोब सोपा होता आणि म्हणूनच मला तो पटत नव्हता. सबंध आयुष्य ज्याला तेल लावलं ते देऊन टाकायचं, तेही एकदाही न उडवता? मी मनाशी ठरवलं की मोठं पिस्तूल रेंजवर न्यायचं आणि अकरांतली निदान पाच काडतुसं उडवायची. चाललं तर तेच ठेवायचं, उरलेल्या सहा गोळ्यांसकट, आणि लहान देऊन टाकायचं. नाही चाललं तर मग लोकांचं ऐकायचं. आबा नव्हते, नियम मोडायला कुणाची आडकाठी नव्हती.

आडकाठी कशाची नसते? रेंजची वेळ घेतली आणि लॉकडाऊन लागला. रेंज बंद, रस्ते बंद, दुकान बंद. मी घरात बसून खोकं उघडायचो, पिस्तूल बघायचो, खोकं मिटायचो. त्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसत होतो, हे मला मान्य आहे. कोण खेकसत नव्हतं? दिवाळीनंतर रेंज उघडली तर सुभेदार स्वतः आजारी पडले. ते उठून बसेपर्यंत वर्षाची मुदत संपत आली, आणि तेवढ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली. ठाण्यातून नोटीस आली: आठ दिवसांत हत्यारं जमा करा. त्या नोटिशीवर हवालदारानं हातानं लिहिलं होतं की तिसऱ्याचं काय ते त्याच वेळी कळवावे. मी सुभेदारांना फोन केला आणि अक्षरशः गयावया केली. "या उद्या सकाळी," ते म्हणाले. "पन मी सांगंन तसं करायचं. जुन्या गोळ्यांचा भरवसा नसतो."

सकाळी नऊला मी माळावर होतो. थंडी होती, माळापलीकडच्या कारखान्यांच्या शेडवर ऊन नुकतंच आलेलं. सुभेदारांनी काडतुसं एकेक करून उजेडात धरून बघितली, दोन बाजूला काढली, पाच निवडली. मला कानावर आवाज अडवणारे ठोकळे चढवायला लावले. मी पंचवीस मीटरवरच्या कागदासमोर उभा राहिलो, घोडा मागं ओढला. बावन्न वर्षांचा माणूस, आणि मला वाटत होतं आबा मागून ओरडतील.

चाप ओढला. घोडा पडला. टक.

"हलू नका!" सुभेदार म्हणाले. "नळी बांधाकडंच ऱ्हाऊ द्या. कधी कधी गोळी उशिरा उडते." आम्ही दोघं पुतळ्यासारखे उभे. त्यांनी मनातल्या मनात साठ मोजले. काही झालं नाही. काडतूस काढलं, दुसरं घातलं. टक. पुन्हा साठ. तिसरं. टक. माझ्या डोक्यात रक्त चढायला लागलं. तिसऱ्यानंतर मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, कानावरचे ठोकळे काढून मुरमात भिरकावले आणि तोंडाला येईल ते बोललो: आबांना, इंजिनियरला, कायद्याला, जर्मनांना. सुभेदारांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, ठोकळे उचलून आणले, झटकले, आणि मग म्हणाले, "गोळ्यांना कशाला शिव्या देताय? हितं बघा."

त्यांनी तिन्ही काडतुसं माझ्या हातावर बुडं वर करून ठेवली. काडतुसाच्या बुडाला मधोमध एक छोटी टोपी असते. घोडा पडला की आतली पिन त्या टोपीवर टोचा मारते आणि त्या टोच्यानं गोळी पेटते. तिन्ही टोप्या कोऱ्या होत्या. ओरखडासुद्धा नाही.

"उघडू का?" त्यांनी विचारलं. उघडायचं नाही, हा दुसरा नियमही त्या सकाळी गेला. त्यांनी पाच मिनिटांत पिन बाहेर काढली, आपल्या चष्म्याजवळ नेली आणि माझ्या हातात दिली. पिनेला टोक नव्हतं. "मोडलंय?" मी विचारलं. "मोडलेलं आसं दिसत न्हाय. हे कापलंय. कापून वर कानस फिरवलीय, बघा किती गुळगुळीत हाय. कारागिराचं काम हाय, आन जुनं हाय." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "लेथवर नवी करून घेता यील. दोन दिवसांचं काम."

लोणी देवकरपासून घरापर्यंत मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: कुणीतरी आबांना फसवलं. ठाण्यात कुणी केलं असेल, त्या इंजिनियरनं केलं असेल. ज्यानं केलं त्याला सोडायचं नाही, असं मी मोठ्यानं बोलत होतो, गाडीत एकटाच.

आई ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. तिचं वय आता ऐंशीच्या पुढं. मी तिच्यासमोर उभा राहून ती पिन दाखवली आणि म्हणालो, "हे बघ, आबांच्या पिस्तुलाची कुणीतरी पिन कापून टाकलीय. इतकी वर्षं आपण मेलेलं हत्यार सांभाळतोय."

आईनं पिनेकडं बघितलंही नाही. "तुझ्या बापानंच कापून आनली," ती म्हणाली.

मी खाली बसलो.

"तू तवा दोन वरसाचा हुतास. पान्याची पाळी हुती आपली, रातीपास्नं. सकाळी बघितलं तर आप्पानं पाटाचं बारं फोडून पानी तेच्या रानाकडं घेतल्यालं. ऊस वाळत हुता तेचाबी, आपलाबी. तुझा बाप उठला, खोक्यातनं पिस्तूल घेतलं आन बांधावर गेला. मी मागं पळत हुते. आप्पा खोरं घिऊन वाकल्याला. ह्यो काय बोलला न्हाय, काय न्हाय. धरलं आन चाप वढला."

"मग?"

"मग काय! वाजलं न्हाय. गोळी खराब हुती म्हनं. आप्पानं वर बघितलं, ह्याच्या हातात बघितलं. खोरं टाकलं आन तसाच खाली बसला चिखलात. ह्योबी बसला. दोघंबी रडत हुती. मी दोघांला घरी आनलं." तिनं एक शेंग सोलली. "दुसऱ्या दिवशी बारामतीला गेला, लेथवाल्या भाईकडनं टोक कापून आनलं. मला म्हनला, एकदा देवानं वाचवलं, दर येळंला वाचवंल आसं न्हाय. आन विकत का न्हाय म्हनलं, तर म्हनला, दुसऱ्याच्या हातात दिलं तर तो नवी पिन घालंल."

आप्पा त्याच सकाळी आमच्याकडं चहा पिऊन गेले होते. त्यांचा कप अजून कट्ट्यावरच होता.

"मला इतक्या वर्षांत का नाही सांगितलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. आबांवर चिडू की आईवर, कळत नव्हतं.

"तुला?" आईनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तुला सांगितलं आसतं तर तू दुरुस्त करून आनलं आसतं. तू त्याच्यावरच गेलाय. श्रावणात शेजारच्या पोराच्या ट्रॅक्टरनं तुझी ठिबकची लाइन तोडली, तवा तू दुनळीच्या खोलीकडं निघाला हुतास. मी दारात हुबी ऱ्हायले म्हनून माघारी फिरलास. ध्यानात हाय का?"

ध्यानात नव्हतं, असं मी लिहिणार होतो. ते खोटं आहे. ध्यानात होतं. मी स्वतःला सांगितलं होतं की पाना आणायला निघालो होतो.

मुदतीच्या आदल्या दिवशी मी तिन्ही हत्यारं गाडीत घालून ठाण्यात गेलो. हवालदारानं दोन वेगळी रजिस्टरं काढली, एक निवडणुकीपुरतं जमा करायचं, दुसरं कायमचं. "कंचं द्यायचं ठरलं, मालक?" त्यानं विचारलं. मी लहान जर्मन कायमच्या रजिस्टरासमोर ठेवलं. त्यानं नंबर उतरवून घेतला. मग मी दुनळीही तिथंच ठेवली.

"आवो, एकच द्यायचंय. दोनची परवानगी हाय तुमाला."

"माहीत आहे. दोन्ही लिहा."

"मग ह्ये ठिवताय? ह्याची तर गोळीबी मिळत न्हाय." त्यानं मोठं पिस्तूल उचलून बघितलं आणि रजिस्टरातला रकाना वाचला. "स्थिती काय लिहू? चालू का बंद?"

"बंद," मी म्हणालो.

"चालू दोन्ही देताय आन बंद घरी नेताय. आन डुकरांचं काय करनार?"

"पत्र्याचे डबे वाजवीन," मी म्हणालो. तो हसला, त्याला वाटलं मी वैतागून बोलतोय. वैतागलो होतोच. लहान पिस्तूल हातून गेलं याचं मला आजही वाईट वाटतं, आणि गेल्या हंगामात डुकरांनी दीड एकर ऊस लोळवला तेव्हा मी आबांना, आईला आणि स्वतःला पुन्हा भरपूर शिव्या दिल्या. पण त्या दिवशी त्या टेबलासमोर उभं असताना मला डुकरांची नाही, माझी भीती वाटत होती. मी दोन्ही ठिकाणी सही केली आणि निवडणूक संपल्यावर परत न्यायला कोणती पावती दाखवायची, तेवढं विचारून घेतलं.